तिसरं माप

सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन हृदयं होती, दोन नाळा होत्या आणि वार एकच होती. डॉक्टरबाईंनी आधी थोरल्याचे ठोके मोजले: मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस. मग धाकट्याचे: ब्याण्णव. थोरलं आणि धाकटं ही नावं तिच्या नवऱ्याने आकारावरून पाडली होती, सगळं हसण्यावारी नेता येत होतं तेव्हा. आता विसावा आठवडा होता.

"काल अठ्ठ्याण्णव होते," टेबलावरून ती म्हणाली.

"हो. धाकट्याचं हृदय थकत चाललंय. ते जगणार नाही." डॉक्टरबाईंनी कागदावर वार काढली आणि तिच्यात दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या. "ते आपणहून गेलं, तर थोरल्याचं रक्त एकदम तिकडे ओढलं जाईल. मग थोरलंही जाईल, नाहीतर त्याच्या मेंदूला इजा होईल. त्याआधी धाकट्याची नाळ बंद केली, तर थोरलं वाचायची शक्यता दहात आठ."

"बंद केली म्हणजे धाकटं..."

"त्याच वेळी जाईल."

तिने पोटावरचा चिकट द्रव पुसला. डावीकडून उजवीकडे, एकदाच.

"उद्या पुन्हा मोजाल?"

"मोजू. पण उद्यापर्यंत ते टिकेल, असं मी सांगू शकत नाही."

ती वजनकाटे तपासायची. काटा वाण्याचा असो की औषधांच्या कारखान्यातला, तीन मापं घेतल्याशिवाय ती शिक्का मारत नसे. त्यापायी आठ वर्षं तिने दुकानदारांची बोलणी खाल्ली होती.

बाहेर बाकावर नवऱ्याने तिच्या हातात चहाचा कागदी कप दिला. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. नखांच्या कडांना ग्रीस कायमचं होतं.

"आता तिसरं माप कशाला?"

"दोनांवर शिक्का मारत नाही मी."

"अगं, तो काटा आहे का? आमच्याकडे दोर झिजलेला दिसला की आधी लिफ्ट बंद. तुझ्यासारखं तीनदा मोजत बसलो, तर निम्मी सोसायटी खड्ड्यात."

तिच्या ओठाची एक कड हलली. "तुझ्या दोराला जीव नसतो."

त्याने आपल्या कपाचा काठ दाताने कुरतडला.

"एक विचारू? चिडू नकोस."

"विचार."

"उद्यापर्यंत ते आपणहून गेलं तर बरं, असं आहे का तुझ्या मनात? म्हणजे सही करायला नको."

समोरून एक नर्स रिकामी खुर्ची ढकलत गेली. खुर्चीचं एक चाक वाकडं होतं. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली.

"तुझ्या नाही?"

"आहे की. कालपासून."

तिने कप बाकावर ठेवला. त्याला तोंडही लावलं नव्हतं. मग ती उठली आणि डॉक्टरबाईंच्या दारावर टकटक केली.

संमतीपत्र तीन पानांचं होतं. तिने तिन्ही पानं वाचली. 'गुंतागुंत' या शब्दाशी दोनदा थांबली, दोन्ही वेळा पुढे गेली.

"आज होईल?"

"संध्याकाळी चारला. तुम्ही उद्या मोजायला सांगितलं होतं ना?"

"नको."

तिने सही केली. पेन नवऱ्याकडे दिलं. त्याने हात पँटला पुसला आणि तिच्या नावाखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तंत्रज्ञ मुलीने खोलीतले पडदे ओढले. यंत्राचा आवाज आधी आला, चित्र नंतर. नवरा उभाच होता.

"थोरल्याचे एकशे बेचाळीस," मुलगी म्हणाली आणि यंत्र उचलायला लागली.

"पुन्हा घ्या."

"का? काही चुकलं का?"

"घ्या हो," नवरा म्हणाला. "तिला सवय आहे."

मुलीने पुन्हा मोजलं. एकशे चव्वेचाळीस.

"अजून एकदा."

एकशे चव्वेचाळीस.