फोटोत न येणारी दोरी

माझ्यावर कुणी विश्वास ठेवलाच नाही. का, तर मी फोटोत येत नाही! हाड येतं, मी येत नाही. मग हाड खरं आणि मी खोटी.

मी बयाबाईच्या उजव्या गुडघ्यातली दोरी बोलतेय. डॉक्टर मला लिगामेंट म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगी मी आतून बांधून ठेवते. ठेवत होते. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ही बाई माझ्या जिवावर गवताचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची.

शहाण्णव साली, भाताची लावणी अर्धी झालेली. रोपांची पाटी घेऊन ती बांधावरून उतरली. पाऊल चिखलात रुतलं, अंग वळलं, आणि मी फट्‌कन तुटले. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा.

घरधन्यानं तिला महाडला नेलं. एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टरांनी गुडघा वाकवून नडगी पुढे ओढली, तर ती टेबलाच्या खणासारखी सरकली. मग ते बाहेर जाऊन घरधन्याशी काहीतरी बोलले. तो आत आला तो एवढंच म्हणाला, "फोटो साफ हाय. चल."

वाडीत तेच पसरलं. मुरारी हाडवैद्यानं पाला बांधला, चोळलं. सूज उतरली तशी सगळ्यांनी तिला बरी ठरवली आणि लावणीला उभी केली. पण दोरी काय हाडासारखी सांधते? उतारावर गुडघा निसटायचा आणि बाई भाऱ्यासकट आडवी.

"कामाच्या टायमाला बरा निसटतो गो तुझा गुडघा," सासू ठकूबाई म्हणायची. "जेवायला बसताना नाय निसटत?"

"मग तुमचा द्या नि माझा घ्या!" बयाबाई कडाडायची.

पण ऐकून ऐकून तिलाही वाटायला लागलं, आपणच नाटकी.

अशी वर्षं गेली. दर निसटण्याला माझ्या शेजारची गादी चिरडत गेली, हाडावर हाड घासू लागलं. शेवटी बिरवाडीला दिलेली लेक मीना तिला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्यांनी नडगी ओढली आणि कपाळाला हात लावला. "तेव्हाच मुंबईला का नाही नेलं? नवी दोरी बसवता आली असती. आता गादीच उरली नाही, दोरी बसवून काय उपयोग?"

"मला कुठं सांगितलंत?" बयाबाईनं विचारलं.

"तुमच्या मालकांना सांगितलं होतं. हाड साफ आहे, पण आतली दोरी तुटलीय, ती फोटोत दिसत नाही. ते म्हणाले, लावणी होऊ दे, मग नेतो."

बयाबाई आता वाडी चढू शकत नाही. लेकीच्या खोलीत भिंतीला टेकून बसते. मी आत वाळून गेलेय. बायांनो, फोटो साफ आला म्हणून गप्प बसू नका. तुमच्या गुडघ्याचं तुमच्या कानानं ऐका.

परवा वाडीतल्या बाया भेटायला आल्या. "त्या मुरारीनंच चोळून वाट लावली ना गो?"

बयाबाईनं नाही म्हणून मान हलवली. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं, बिनउखाण्याचं.

"श्रीपत."