खाऱ्या पाण्याची मळी

पाचटाचा धूर.
सलाइनची नळी, आतून कोरडी.
पांगाऱ्याच्या लाकडाचा ठोकळा.
एका शर्टाची कॉलर.
बुडातून उभे नळकांडे बसवलेली लोणच्याची बरणी.
समुद्र इथून फार लांब.

माघातली दुपार. ऊस तुटून गेल्यावर उघडी पडलेली काळी रानं, आणि त्यांच्यावरून गुऱ्हाळाचा जड, गोड, सोनेरी धूर सरपटत गावात येत होता. एका दारातून तो आत शिरला. आतल्या खोलीतल्या निळ्या उजेडात त्याचा रंग गेला. उरली फक्त हालचाल.

त्या खोलीत काचेची टाकी. टाकीत खारे पाणी. खाऱ्या पाण्यात थोडे मासे, आणि प्रवाळ, जिवंत, मुके, फुलांसारखे दिसणारे आणि फुले नसलेले.

धैर्यशीलने ते वाढवले. कागलच्या अलीकडच्या या उसाच्या गावात त्याने मिठाच्या पिशव्या कालवून समुद्र केला. समुद्र शुद्ध ठेवायला यंत्रही घरीच केले. नळीतून हवा यायची, लाकडाच्या रंध्रांतून बारीक व्हायची, तिचा फेस व्हायचा. शुभ्र फेस, चढता फेस, पाण्यातली घाण कवेत घेऊन नळकांड्यातून वर येणारा फेस. वरच्या बरणीत तो काळा होऊन निजायचा.

धैर्यशील दिवाळीआधी तापाने गेला.

त्याची बायको वृषाली. तिने पाणी फिरवणारी मोटर चालू ठेवली, दिवा चालू ठेवला. फेसाचे यंत्र बंद केले.

कारण त्याचा हात रोज या पाण्यात असे; त्याचा घाम त्यात मुरला आहे, असे ती मानायची. चादरी धुतल्या गेल्या. कपडे वाटले गेले. घराने त्याला हळूहळू पुसून टाकले, आणि राहिले ते हे पाणी. हे गाळले तर तोच गाळला जाईल, बरणीत येईल, ओतला जाईल.

म्हणून ती फक्त आटेल तेवढे भरायची. दोन बादल्या एकावर एक, मधे करवंटीचा कोळसा, खालून थेंब. थेंब. थेंब. गोडे पाणी खाऱ्यात पडायचे आणि खोलीला ऐकू यायचे.

प्रवाळ पांढरे होत गेले. मृत्यू तिथे पांढराच असतो, हाडासारखा, स्वच्छ. आता एकच उरले होते, जांभळे, तळहाताएवढे. तेही मिटलेले.

सासरे जेवायला आले. आबा गुळव्या, उकळत्या रसावरची मळी काढण्यात ज्यांचा जन्म गेला. हात पुसत टाकीपुढे थांबले.

"पाणी पिवळं पडलंय गं."

"असू दे, आबा."

"मळी काढली न्हाई की गूळ काळा पडतो. गिऱ्हाईक हात लावत न्हाई."

"हा गूळ नाही."

"त्येच म्हणतो. गुळाला आमी भेंडीचा रस घालतो, मग घाण वर येती. ह्यात काय घालत हुता त्यो?"

"हवा."

"नुसती हवा?" आबा हसले. "चिकट गडी. फुकटचं तेवढं बरं घावलं त्याला."

वृषालीही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "आबा, त्यात तो आहे. ते लावलं तर जाईल."

आबा काचेशी वाकले.

"आसंल," ते म्हणाले. "पर ते जांभळं मरतंय, पोरी. ते बी त्याचंच हाय."

तिने बटण दाबले.

आधी काहीच नाही. मग नळीला धाप लागली. मग नळकांड्यात फेस चढू लागला, चढला, उतरला, पुन्हा चढला, आजारी छातीच्या लयीत, त्याच छातीच्या लयीत. खोलीत आता तिघे श्वास घेत होते. मासे एका कोपऱ्यात गोळा झाले आणि सगळे एकाच दिशेला बघू लागले. त्या दिशेला रिकामी खुर्ची होती.

बरणीत पहिला काळा थेंब पडला.

आबांनी नाकाला उपरणे लावले. "कुजलंय," म्हणाले, आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

वृषाली वाकली. तिला कुजल्याचा वास आला नाही. तिला कॉलरचा वास आला. घाम, साबण, उन्हात वाळलेले सूत. मानेच्या मागचा तो वास, जो फक्त तिचा होता.

ऊन भिंतीवरून उतरले. बरणी भरली.

बरणी दोन्ही हातांनी उचलून, छातीशी धरून, वृषाली मोरीवर गेली. थांबली. मग ओतली. काळे पाणी गेले. फेस मात्र भोकाच्या तोंडाशी अडून राहिला, थरथरत, एकेक बुडबुडा फुटत, ओठ हलावेत तसा. काय म्हणाला ते ऐकायला ती खाली बसली. शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत बसली.

परत आली तेव्हा पाणी दिसत नव्हते. इतके नितळ की मासे हवेत टांगलेले. तळाशी जांभळे प्रवाळ उघडत होते. एक तोंड, मग दुसरे, मग सगळीच, आणि प्रत्येकातून बारीक, ओली, आंधळी बोटे बाहेर आली आणि प्रवाहाच्या उलट, संथ, तिच्याकडे वळली.

रबरी हातमोजे घातल्याशिवाय धैर्यशीलने त्या पाण्याला कधी हात लावला नव्हता.