पंचाची सही

मेहकरच्या नीळकंठ देवपुजारींच्या बेचाळीस रहस्यकादंबऱ्यांतला जवळजवळ प्रत्येक खुनी पंचनाम्यातल्या चुकीमुळे सापडला होता. त्यामुळे समता ही विवाहिता सासरी मेल्यावर फौजदाराने त्यांना पंच म्हणून बोलावले, तेव्हा त्यांना तो आपल्या प्रज्ञेचा रीतसर गौरवच वाटला. फौजदाराने चहा मागवला, साऱ्या कादंबऱ्या वाचल्याचे सांगितले आणि ‘अंगावर खूण नाही’ या आयत्या वाक्याखाली त्यांची सही घेतली. प्रेतावरची चादर त्यांनी उचललीच नव्हती.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. शवविच्छेदनाचा अहवाल मोघम होता; नवऱ्याच्या वकिलाची सारी भिस्त त्या सहीवर होती. साक्षीच्या दिवशी समताची आई जनकाबाई न्यायालयाच्या पायरीवर भेटली.

“भाऊ, मीनंच तिले शेवटची आंघोळ घातली. गळ्यावर वळ होता. तुम्ही चादर काढून पाह्यलंच नाही, येवढंच सांगा.”

“ते सोपं नाही, बाई.”

“सोपं कायले राहीन? तुमच्या पुस्तकातला साहेब तं कोनालेच सोडत नाही म्हणते पोरं.”

आत मागच्या बाकांवर त्यांचे वाचक दाटीने बसले होते. वकिलाने अदबीने विचारले, “आपल्यासारख्या चाणाक्ष लेखकानं प्रेत नीट पाहिलं असणारच?”

नीळकंठरावांनी एकदा बाकांकडे पाहिले.

“नीट पाहिलं,” ते म्हणाले.

जनकाबाईने त्यांना शिव्याशाप दिले नाहीत. ती उभी राहून स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवत वळ कुठे होता ते न्यायाधीशांना दाखवत होती, आणि शिपाई तिला खाली बसायला सांगत होता.