सन दोन हजारपासून पुढे

बोरिवलीच्या त्या कॉलेजात सुलक्षणा परब बावीस वर्षं ग्रंथपाल होती, आणि बावीस वर्षांत तिच्या गळ्यात हार पडला तो एकदाच. तोही एका बटणामुळे.

बटणाचं काम सोपं होतं. विद्यार्थ्याने लायब्ररीच्या संगणकावर विषय टाकला की लेखांची यादी येई आणि प्रत्येक लेखाशेजारी ‘पूर्ण लेख मिळवा’ असं निळं बटण दिसे. ते दाबलं की कॉलेजने वर्गणी भरलेल्या नियतकालिकांत तो लेख कुठे आहे, हे यंत्र आपलं आपण शोधी आणि लेख समोर उघडून देई. नसेल तर नाही म्हणून सांगे. पण आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे यंत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं. नियतकालिकाचं नाव आणि पुढे ते कोणत्या सालापासून मिळतं ते साल, अशी यादी भरायची. ते काम सुलक्षणाचं होतं.

नियतकालिकं होती चारशे बारा. आणि तपासणी समिती सोमवारी येणार, हे प्राचार्यांनी सांगितलं शुक्रवारी दुपारी. प्रत्येकाचं साल प्रकाशकाच्या साइटवर जाऊन बघायचं म्हणजे पी हळद आणि हो गोरी असं थोडंच होतं? शनिवारी संध्याकाळपर्यंत दीडशे झाली आणि तिचा धीर सुटला. उरलेल्या सगळ्यांपुढे तिने एकजात ‘२०००’ भरून टाकलं. हल्लीची पोरं त्याच्या आधीचं वाचतात कुठे, आणि समिती गेली की सवडीने दुरुस्त करू, अशी तिने मनाची समजूत घातली.

सोमवारी समितीने बटण दाबलं, लेख उघडला, प्राचार्य खूश झाले आणि सुलक्षणाला हार मिळाला. सवड मात्र आली नाही. सवड काय कुणाकडे आपल्या पायांनी चालत येते! महिन्याभरात ती ते साफ विसरली. तिने लपवलं असं नाही, पण विसरण्यात तिची सोय होती, हे खरं.

पुढच्या वर्षी भाविका वैती आली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, गोराईहून फेरीबोटीने खाडी ओलांडून येणारी, बोलायला चुणचुणीत.

“मॅडम, हा लेख उघडत नाहीये ओ.”

लेख एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा होता. खाडीकाठच्या कोळी वस्त्यांची कुणीतरी केलेली पाहणी.

“बटण काय म्हणतंय?”

“उपलब्ध नाही म्हणतंय.”

“मग नाही गं.”

“प्रोजेक्टसाठी नकोय मॅडम, खळ्यासाठी पाहिजे.” मग तिने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. खळं म्हणजे त्यांच्या वस्तीची मासे वाळवायची जागा. सरकारी कागदात ती पडीक जमीन होती आणि आता तिथे गाडीतळ होणार होता. हरकतींची सुनावणी वीस तारखेला. वस्तीकडे पुरावा म्हणून चिटोरंही नव्हतं. फक्त भाविकाची आजी मथुरा छातीठोकपणे सांगत होती, की ती नवी नवरी असताना एक छत्रीवाला साहेब आला होता, त्याने टेप लावून खळं मोजलं आणि कुणाचे बोंबील कुठल्या काठीवर वाळतात ते नावानिशी लिहून नेलं. घरात कुणी तिचं मनावर घेत नव्हतं. भाविकाने घेतलं, आणि एका पुस्तकाच्या तळटिपेत तिला या लेखाचं नाव सापडलं.

“हाच तो साहेब असणार, मॅडम. हा कागद मिळाला ना, तर सुनावणीत त्यांना बोलायला तोंड नाही उरणार.”

सुलक्षणाने तिच्यासमोर पुन्हा बटण दाबलं. उपलब्ध नाही. दोन दिवसांनी पोरगी परत आली, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा आली ती अठरा तारखेला, आणि या खेपेला तिने विचारलं, “मॅडम, इथूनच थेट त्या नियतकालिकाच्या साइटवर जाऊन बघू या का? मोबाइलवर बघितलं तर पैसे मागतात, पण कॉलेजच्या कॉम्प्युटरवर...”

सुलक्षणाला ते लागलं. वर्गात, गॅदरिंगमध्ये, पालकांसमोर तिने या बटणाची एवढी तारीफ केली होती, आणि ही कालची पोर तिला पर्याय सुचवत होती.

“अगं, बटण तिथेच तर बघतं. मी स्वतः भरलंय सगळं. नाही म्हणजे नाही.”

भाविकाने मान डोलावली. मॅडमच म्हणतात म्हटल्यावर विषय संपला.

महिनाअखेरीस ती पुस्तकं परत करायला आली तेव्हा सुलक्षणानेच विचारलं, “काय झालं गं सुनावणीचं?”

“वाट लागली,” भाविका म्हणाली. “सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, लेख लेख करता, आहे कुठे? मी म्हटलं, नाही मिळाला. तर आजी मध्येच उठली. छत्रीवाला साहेब आलेला, ह्यांव नि त्यांव. सगळं ऑफिस हसायला लागलं. मला इतकी लाज वाटली ना मॅडम! मीच तिला दंडाला धरून खाली बसवलं. म्हटलं, गप बस आजी, असा कागदच नाहीये.”

“जुन्या माणसांना वाटतं गं तसं कधीकधी,” सुलक्षणा म्हणाली. तिला वाटलं, आपण पोरीचं सांत्वन केलं.

दोन महिने गेले. एका मंगळवारी अर्थशास्त्राच्या दीप्ती मॅडम चहाचा कप घेऊन लायब्ररीत आल्या. दोघींची जुनी मैत्री.

“सुलू, तुझं बटण थापा मारतंय हां. एक्क्याऐंशीचा लेख हवा होता, म्हणे उपलब्ध नाही. मी स्टाफरूममधून सरळ साइटवर गेले तर उघडला की! पहिल्या अंकापासून सगळं आहे आपल्याला.”

“असं कसं होईल?” सुलक्षणा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला तो शनिवार आठवला.

दीप्ती गेल्यावर तिने यादी काढली. २०००, २०००, २०००. खालपर्यंत तेच. भाविकाच्या नियतकालिकासमोरही तेच. तिने ते खोडून खरं साल घातलं, तो चौऱ्याहत्तरचा लेख शोधला आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत लेख उघडला.

सातव्या पानावर हाताने काढलेला नकाशा होता. खळ्याची लांबी-रुंदी, काठ्यांच्या रांगा आणि खाली बायकांची नावं. तिसऱ्या रांगेत नव्याने लग्न होऊन आलेली सून, मथुरा. सुलक्षणाला वाचवेना. मुलगी तीनदा आली होती. तीनदा! ‘मी स्वतः भरलंय’ म्हणण्याऐवजी एकदा, फक्त एकदा तिने ती यादी उघडली असती तर? वाचनालयात माणसं होती म्हणून ती मागच्या कपाटांच्या ओळीत गेली आणि तिथे उभी राहून रडली.

उरलेली दोनशे एकसष्ट सालं तिने चार दिवसांत दुरुस्त केली. बैल गेला आणि झोपा केला. रविवारी लेखाची छापील प्रत पिशवीत घालून तिने गोराईची बोट पकडली.

वस्तीत शिरतानाच उजव्या हाताला पत्र्याचं कुंपण दिसलं. काठ्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. विचारत विचारत ती घरी पोचली. मथुराआजी ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती. आतून भाविका आली आणि मॅडमना बघून गडबडली.

“मॅडम, तुम्ही? इकडे?”

सुलक्षणाने प्रत तिच्या हातात दिली. भाविकाने उभ्या उभ्याच पहिलं पान वाचलं, मग भराभर सातवं काढलं.

“कुठे मिळाला?”

दुसऱ्या लायब्ररीतून मागवला, असं म्हणता आलं असतं. बोटीत तिने ते वाक्य दोनदा घोळवलंही होतं.

“आपल्याकडेच होता,” सुलक्षणा म्हणाली. “पहिल्यापासून. साल मी चुकीचं भरलं होतं. घाईत, न बघता. तुझं काही चुकलं नव्हतं.”

“अपिलाची मुदत गेल्या महिन्यात संपली, मॅडम.” भाविका एवढंच म्हणाली.

“काय लिवलंय त्याच्यात? वाच गो,” आजीने फर्मावलं.

भाविकाने वाचलं. नावं आली तशी आजी मान हलवत गेली. त्यातल्या बहुतेक बाया आता नव्हत्या. एका नावाला तिने हात वर केला. “जानकी चवथ्या रांगंत व्हती. साहेब चुकला तिथं.” स्वतःचं नाव आलं तेव्हा मात्र तिने पुढची कोलंबी घेतली. मग सुलक्षणाकडे बघून विचारलं, “आता खळा परत मिलंल?”

“नाही, आजी.”

“मंग ह्यो कागद कशाला आणलास, बाय?”

“तुम्ही खरं बोलत होतात, ते सांगायला.”

“त्ये मना ठावं हाय,” आजी म्हणाली आणि मानेनेच नातीकडे खूण केली. “हिला सांग. हापिसात मी हिची लाज घालवली, म्हंते. त्या दिसापासून माज्याशी धड बोलत नाय.”

भाविका कागद छातीशी धरून उभी होती. सुलक्षणा तिच्याकडे वळली.

“भाविका, आजी खरं बोलत होत्या गं.”

“हो,” भाविका म्हणाली. “पण मी तिला सगळ्यांसमोर खाली बसवलं ना, मॅडम.”