आधी सरांचे धडे

आमच्या नळदुर्गच्या शाळेत कुणाचंही काम शेवटी सिद्धाराम मामांच्याच गळ्यात पडतं. मामा शिपाई, वय सत्तेचाळीस, बारावी पास. खडू आणा, बँकेत जाऊन या, पोराला डबा पोचवा. त्यामुळे संस्थेनं संगणकावर इंग्रजी शिकायचं सॉफ्टवेअर बसवून शिक्षकांना पाचवी पातळी सक्तीची केली, तेव्हा आम्ही नऊ जणांनी आपापले पासवर्ड मामांच्या हातात ठेवले. ऑनलाइन प्रशिक्षणं आम्ही अशीच उरकतो. त्यात लाज कसली?

त्याच सुमारास कनिष्ठ लिपिकाची जागा निघाली. मामांना बढती मिळण्यासारखी होती, पण अट तीच, पाचवी पातळी. त्यांचंही खातं उघडलेलं होतं. ते मात्र म्हणायचे, "आधी सरांचं होऊ द्या, मग माझं बघू."

शाळा सुटली की मामा हेडफोन लावून बसायचे. संगणक विचारायचा, मामा माइकमध्ये उत्तर द्यायचे, चुकलं की पुन्हा. एकच धडा नऊ नावांनी नऊ वेळा. माणूस तयार होणारच. मी कधी डोकावलो तर उठून उभे राहायचे.

आमचं सगळ्यांचं झालं, तेव्हा मुलाखतीला दोन दिवस उरले होते. तेवढ्यात मामांची स्वतःची पहिली पातळीसुद्धा पुरी झाली नाही.

मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष शंभुलिंगअप्पा होते आणि शिक्षकांतर्फे मी. अप्पांनी यादी पाहिली. "मामा, तुमच्या नावापुढं तर काहीच न्हाय की."

"अप्पा, नऊ सरांचे धडे म्याच केल्यात. बसवेश सर हितंच हायत, इचारा त्यान्ला."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. हो म्हणालो असतो तर माझं प्रमाणपत्र गेलं असतं आणि बाकीचे आठ जण माझ्या जिवावर उठले असते.

"माझे धडे मीच केले," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मामा माझ्याकडं वळले. मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "सर, यू नो आय डिड देम. प्लीज टेल द ट्रुथ."

अप्पा खो खो हसले. "लई झ्याक बोलता की वो! पण कागदावर न्हाय ते आमच्या लेखी न्हाय. जावा, चहा सांगा."

चहा मामांनीच आणला. जागा बाहेरच्या एका पोराला मिळाली.

संध्याकाळी व्हरांड्यात मामांनी मला गाठलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तेवढी तयारी मी केली होती.

"सर, तुमास्नी दोन वाक्यं इंग्रजीत बोलाया लावा, असं अप्पास्नी म्हणता आलं असतं मला," ते हळूच म्हणाले. "पर म्हणलो न्हाय. चार माणसांत तुमची फजिती झाली असती."

शिव्या मी पचवल्या असत्या. हे मात्र मला सोसलं नाही. शिपायानं माझी कीव करायची? रात्रभर अंगाची आग झाली.

सकाळी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मामा शाळा सुटल्यावर संगणकांशी खेळत बसतात, एखादा बिघडला तर कोण निस्तरणार? त्यांनी लगेच मामांची बदली वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात केली. तिथं संगणक नाही. मामांनी आदेश वाचला, सही केली आणि जाताना मला नमस्कार केला.