गोड भिंत

चांदी संपली, साहेब लोक यंत्रं उचलून चालते झाले, आणि गावाच्या उशाशी राहिला खाणीच्या करड्या रेतीचा डोंगर. मेल्यांनी तेवढा मात्र फुकट दिला. फुकट ते पौष्टिक! दरवर्षी मृतांच्या सणाआधी नाझारिया ती बारीक रेती आणायची, निवडुंगाच्या चिकात कालवायची आणि घर आतून-बाहेरून लिंपायची. छातीत खाणीची धूळ भरून वारलेला तिचा नवरा फोर्तुनातो वर्षातून त्या एकाच दिवशी घरी येतो. त्याला घर ओळखू यायला नको? रेती त्यानंच तर खणून काढलेली.

तिची नात नेल्डी ती भिंत चाटायची. "आजी, गोड लागते!"

"चाट गं बाई. आजोबांची साखर आहे ती." लोकरीसाठी पाळलेली लामा जनावरंसुद्धा भिंती चाटतातच की, त्यात काय मोठंसं!

पुढे पोरीच्या ध्यानात काही राहीना, बोलताना शब्द अडायला लागले. दवाखान्यातल्या नर्सनं रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं. नर्स घरी आली, भिंतीवरून बोट फिरवलं. "मावशी, हे या रेतीतलं. पोरीला इथं ठेवू नका."

"काहीतरीच तुझं! अख्खं गाव लिंपतं."

"म्हणून तर अख्ख्या गावातली पोरं तपासतोय."

नाझारियाची मुलगी एल्विरा ओरुरो शहरातून लेकीला न्यायला आली. "आई, तूही चल."

"आणि परवा तुझा बाप आला म्हणजे? कुलूप बघून माघारी जाऊ दे?"

"मेलेल्याची एवढी काळजी, आणि ही जितीजागती पोर..." एल्विरानं लेकीचं गाठोडं उचललं.

निघता निघता नेल्डी भिंतीशी गेली आणि तिनं जीभ बाहेर काढली. नाझारियानं धावत जाऊन फाडकन थोबाडीत दिली. आजवर पोरीला बोट लावलं नव्हतं तिनं. पोर रडलीसुद्धा नाही.

"साखर संपली, आजी?"

"संपली गं माझे बाय," नाझारिया म्हणाली. चाट म्हणणारी ती, आणि मार खाल्ला पोरीनं.

बस गेल्यावर तिनं फोर्तुनातोचा हातोडा काढला, नाकाला ओलं फडकं बांधलं आणि सगळा गिलावा पाडला. सणाच्या दुपारी फोर्तुनातोच्या नैवेद्याचा पाव आणि चघळायची कोकाची पानं तिनं अंगणातच मांडली. मागे घर नुसत्या मातीच्या विटांचं, सोललेलं.

"ओळखू येणार नाही रे तुला," ती म्हणाली. "माझं राहू दे, आधी नेल्डीकडे जा. पोर सगळं विसरते म्हणतात. ती थप्पड तरी विसरली का, तेवढं बघून ये."