सहाव्या दिवसाची गोळी

फान काकांनी दातांत धरलेली गॉजची घडी कडेने गुलाबी होत होती, मधे मात्र अजून पांढरी होती, आणि डॉक्टर ल्याओ शू-चेनची नजर त्या पांढऱ्या ठिपक्यावरून हलत नव्हती. दाढ काढून बारा मिनिटं झाली होती. रक्त पातळ करणारी गोळी काकांनी आज सकाळीही घेतली होती, तिनेच घ्यायला लावली होती. रक्त तपासून घेतलं, जखमेत दोन टाके घातले, आता नुसतं दाबून धरायचं. एवढंच... तेव्हाही एवढंच करायचं होतं.

"ऐकलंत ना, तोंड उघडायचं नाही," फान काकू नवऱ्याला म्हणाल्या. "बायकोचं कधी ऐकलं नाहीत, डॉक्टरांचं तरी ऐका."

काका अर्ध्या चेहऱ्याने हसले. दुसरा अर्धा नऊ वर्षांपासून ओघळलेला होता.

काकूंनी पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली, दर वर्षी ठेवतात तशी, आणि शू-चेनने ती दोन्ही हातांनी घेतली. हे हात... नऊ वर्षांपूर्वी, शनिवारी दुपारी, नव्या दवाखान्यात ती एकटी होती, काकांची दाढ काढायची होती आणि मनात एकच धास्ती – रक्त थांबलंच नाही तर? दाढ काढण्यासाठी ही गोळी बंद करू नये हे तिने त्याच महिन्यात वाचलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती. तरी चिठ्ठीवर लिहिलं – पाच दिवस बंद. काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एक फोनही केला नाही. पाचव्या दिवशी दाढ काढली, रक्त जेमतेम आलं, आणि ती स्वतःवर खूश होऊन घरी गेली. सहाव्या दिवशी संध्याकाळी काका अर्धांगाचा झटका येऊन पेरूच्या बागेत कोसळले.

तिने काकांच्या तोंडातली घडी काढून पाहिली. रक्त थांबलं होतं.

"गोळी बंद न करताच?" काकू पुढे वाकल्या. "मग तेव्हा कशाला बंद केली होती?"

"तेव्हा... तशी पद्धत होती." केवढं सहज आलं तोंडून! पद्धत – म्हणजे दोष कुणाचाच नाही.

"असेल. तुम्ही पाचच दिवस सांगितलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी मीच विसरले द्यायला. पेरू भरायच्या गडबडीत." काकूंनी नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ रुमालाने टिपली. "ती एक गोळी दिली असती तर..."

हे वाक्य शू-चेन दर वर्षी ऐकत आली होती, मान खाली घालून, सहानुभूती वाटावी अशी. त्या गोळीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात, एका सकाळच्या गोळीने काहीही टळलं नसतं – हे तिला पहिल्या वर्षीच सांगता आलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता. मी या बाईला नऊ वर्षं दोषी राहू दिलं, आणि वर तिचे पेरू खाल्ले.

"काकू," ती म्हणाली, "त्या सकाळच्या गोळीने काही फरक पडला नसता. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं."

रुमाल हनुवटीपाशीच थांबला. काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ तिच्याकडे. या सांगण्यातूनही आपण स्वतःला अलगद वगळलं, हे शू-चेनच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आता विचारतील – मग कुणाचं चुकलं? खुर्चीची कड तिने घट्ट धरली. नऊ वर्षं हा प्रश्न येऊ नये म्हणून ती जपत आली होती. आज मात्र काकूंचे ओठ हलायची वाट पाहताना, तो आला नाही तर काय करायचं, याचीच तिला भीती वाटू लागली.